बिजलीवीरचा शेवट

दुपारी चारच्या सुमारास, नागपुरात बर्डीवरच्या एका कापडदुकानाच्या माडीवर, रुपराव मेले. गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या जाड्या गुंडाने पिंप ढकललं, ते गडगडत आलं, रुपरावांचा अंगठा नको त्या बटणावर पडला, आणि लाल झग्यातला रुबाबदार बिजलीवीर उताणा पडून तीनदा लुकलुकला आणि नाहीसा झाला. मग पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. त्यांचा अर्थ विचारायची गरज नव्हती. नाटकांची परीक्षणं लिहिण्यात रुपरावांची सत्तावीस वर्षं गेली होती. रंगमंचावरची मरणं त्यांनी ढिगाने पाहिली होती, विषाची, तलवारीची, विरहाची, एकदा तर नुसत्या ठसक्याची, आणि प्रत्येक मरणाला त्यांनी वहीत दोन-चार ओळी दिल्या होत्या. स्वतः मरायची पाळी मात्र पहिलीच, आणि तीही अर्ध्या मिनिटात, पहिल्याच रस्त्यावर, टाळी नाही की हुंदका नाही. छातीत एक बारीकसा धक्का बसला, अंधारात पायरी चुकल्यावर बसतो तसा. मशीनचा मालक नत्थू शेजारच्या स्टुलावर चहा पीत होता. पूर्वी त्याचं सायकलींचं दुकान होतं, आणि माणूस पडला की उठतोच हे तो त्या धंद्यातून शिकून आलेला दिसत होता. "काकाजी, उडीचं बटन दाबाले पाह्यजे होतं," तो म्हणाला. "तुम्ही बुक्कीचं दाबलं. पिंपाले बुक्की मारून काय होते?" रुपरावांनी हे वहीत लिहून घेतलं.

हे लचांड मागे लागलं होतं त्याच दिवशी, बुधवारी सकाळी. रुपराव ज्या दैनिकात होते त्याचे जुने संपादक बापूजी जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्यांच्या खुर्चीत आता त्यांचा पुतण्या अनंत बसत होता. मुलगा चांगला. रुपराव आत आले की उठून उभा राही, आणि उभ्याउभ्याच एकेक जुनं सदर बंद करी. शहरात नाटकं उरली नव्हती ही काही त्याची चूक नव्हती. घराघरात टीव्ही आला होता, रविवारी सकाळी बिजलीवीरचं कार्टून लागलं की लकडगंजच्या वखारीतले हमालसुद्धा मालकाच्या खिडकीशी उभे राहत. "काका," अनंत म्हणाला होता, "त्या कार्टूनवरचा गेम आला आहे. बर्डीवर एकच मशीन आहे. तुम्ही नाटकाचं लिहिता न, तसंच याचं लिहा. मी तरुणांचं पान काढून राहिलो. जमलं तर तुमचं सदर त्या पानावर, दर आठवड्याले. नाही जमलं तर..." आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिला. शनिवारी दुपारपर्यंत मजकूर हवा होता. नाही जमलं तर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं बाजारभावाची मुद्रितं तपासत काढायची, हे रुपरावांना न सांगता कळलं. पगारात फरक पडणार नव्हता. फरक पडणार होता तो इतकाच की सकाळी उठून काहीतरी नीट पाहायचं आहे, हे कारण उरणार नव्हतं, आणि त्या कारणावर तर ते इतकी वर्षं जगत आले होते.

दुसरा कोणी असता तर नत्थूला दोन प्रश्न विचारून, चहा पाजून, मजकूर खरडून मोकळा झाला असता. पण रुपरावांचा एक नेम होता, आणि त्या नेमापायी कचेरीतले लोक त्यांची टर उडवत. पडदा पडेपर्यंत ते एक ओळ लिहीत नसत. रुपराव पडदा पडल्यावर त्याची घडी घालूनच उठतात, असं म्हणत. भिकार नाटक असो, पावसाने गळणारं थिएटर असो, शेजारी घोरणारा असो, रुपराव शेवटपर्यंत बसत. नाटकात हे सोपं असतं हे त्यांना आता उमगलं. खुर्चीत झोपलेल्या माणसालासुद्धा नाटक आपला शेवट दाखवतंच. इथे शेवट कमवावा लागत होता. रस्ता, त्यानंतर पूल, मग कारखाना, बर्फाची गुहा आणि सगळ्यात शेवटी उंच मनोरा, त्याच्या माथ्यावर म्हणे कार्टूनमधला तो कपटी शास्त्रज्ञ बसलेला. नत्थू स्वतः गुहेपुढे गेला नव्हता. कॉलेजची दोन-चार पोरं मनोऱ्याच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होती. "मशीन येऊन आठच दिवस झाले, काकाजी," नत्थू म्हणाला. "शेवट पाह्यलेला माणूस अजून नागपुरात नाही."

गुरुवारी रुपराव दिवसभर मरत राहिले. मधल्या वेळात त्यांनी सवयीने वहीत रकाने पाडले. नेपथ्य: रस्ता सुबक, पण दर दहा पावलांनी तोच दिव्याचा खांब. अभिनय: नायकाच्या चेहऱ्यावर एकच भाव, तोही गुंडाच्या ठोशाने बदलत नाही, कार्टूनमध्ये तो निदान हसतो. संगीत: कर्कश, तेच तेच. संहिता: दुष्टांनी उजवीकडून यायचं, नायकाने डावीकडून, आमच्या गावच्या दंडारीच्या खेळात होतं तसंच. दिग्दर्शन या रकान्यापुढे मात्र त्यांचा पेन थांबला, कारण दिग्दर्शक कोण हेच कळेना. प्रेक्षकाला कॉलर धरून रंगमंचावर ओढायचं, हातात दांडा आणि दोन बटणं द्यायची आणि म्हणायचं, चल, आता तूच कर. हे त्यांना पहिल्यांदा उद्धट वाटलं. पण दुपार कलल्यावर, सतराव्यांदा की अठराव्यांदा त्याच पिंपाखाली गेल्यावर, त्यांना जाणवलं की हे यंत्र आपल्याला एकदाही हसलेलं नाही. मेलं की पुन्हा उभं करतं. मागच्या जन्मातली चूक पुढच्यात काढून दाखवत नाही. इतकं उदार नाटक त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना खरोखर, अगदी बावळटासारखं, त्या पेटीचे आभार मानावेसे वाटले. एकदा असंच कोणीतरी त्यांना पुन्हा उभं केलं होतं.

ते चौसष्ट साल होतं. रुपराव म्हणजे भिवापूरच्या मिरचीच्या रानात राबणाऱ्या धोंडबांचा मुलगा. छप्पन्न साली दीक्षेच्या दिवशी गर्दीत उभं राहून जे पाहिलं ते त्याने बापाला पोस्टकार्डावर लिहिलं होतं, ते कार्ड पुढे कधीतरी बापूजींच्या हाती पडलं आणि तेवढ्यावर एकसष्ट साली त्यांनी त्याला नोकरीला लावलं. "पाहता येते तुले," एवढंच म्हणाले होते. आणि तीन वर्षांनी, महालातल्या एका नाट्यगृहात चार वाजता सुरू झालेल्या नाटकाचे दोन अंक पाहून, हाच पाहता येणारा माणूस तिसऱ्या अंकाआधी उठून गेला. तालमी त्याने पाहिल्या होत्या. तिसऱ्या अंकातला मुख्य नटी तुळसाबाईंचा मृत्युप्रसंग त्याला पाठ होता. तेव्हा घरी येऊन त्याने लिहिलं की अखेरच्या प्रसंगात तुळसाबाईंनी प्रेक्षागृह हेलावून सोडलं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सकाळी ते छापून आलं. आणि मग कळलं की दुसऱ्या अंकानंतर तुळसाबाईंचा पाय मुरगळला, तिसरा अंक झालाच नाही, लोक पैसे परत घेऊन घरी गेले. सगळं गाव हसलं. न झालेल्या मरणावर रडणारा परीक्षक म्हणून पानठेल्यावर त्याला ओळखू लागले. बापूजींनी बोलावून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला गा तू, रुपराव," ते म्हणाले. "जाय, कामाले लाग." नोकरी कशी राहिली हे रुपरावांना कधी समजलं नाही. का उठून गेला हेही बापूजींनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी रुपरावांनी सांगितलं नसतं. ते कारण त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. घरी तर मुळीच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी जेवणावर त्यांनी बायकोला मात्र गेमचं सांगितलं. पुष्पलताबाई ताक घुसळत होत्या. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती. दोन वर्षांपूर्वी नवी यंत्रं आली, बोर्ड गेले आणि त्यांनी राजीखुशीने घर धरलं. तेव्हापासून त्यांच्या हातांना काही ना काही लागे. नाही तर बोटं मांडीवर आपली आपणच हलत. रुपरावांना वाटलं होतं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "तीन दिवसांपासून मरून राहिले आणि मले सांगितलं नाही काहून?" मग रवी बाजूला ठेवून, "चला. मी पाहते."

माडीचा जिना चढून आलेल्या, गोल कुंकवाच्या, सुती पातळातल्या बाई पाहून नत्थू स्टुलावरून उठला आणि त्याने ते स्टूल पदराने पुसावं तसं गमछ्याने पुसलं. पण पुष्पलताबाई बसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला खेळायला लावलं आणि मागे उभ्या राहिल्या. पिंप आलं, रुपराव मेले. पुन्हा खेळले, पुन्हा मेले. असं पाऊण तास. मध्येच वळून रुपरावांनी पाहिलं तर बाईंचे डोळे मिटलेले. कंटाळून उभ्याउभ्या डुलकी लागली असावी असं वाटून त्यांना ओशाळल्यासारखं झालं. "झोपली का वं?" त्यांनी विचारलं. "झोपते कशाले," त्या म्हणाल्या. "ऐकून राहिली. पिंप यायच्या आधी टुक असं वाजते. चाकूवाल्याचं दोनदा वाजते. तुम्ही पाहता, म्हणून तुम्हाले उशीर होते. बोर्डावर दिवा लागाच्या आधी आत रिलेची पट्टी वाजे, तसं आहे हे." रुपरावांनी वही काढली, संगीत या रकान्यापुढचं कर्कश हा शब्द खोडला आणि काय लिहावं ते न कळून तशीच मिटली.

मग त्या स्टुलावर बसल्या. पदर खोचला, डावा हात दांड्यावर, उजवा बटणांवर. पहिले दोन जन्म हाताला सवय व्हायला गेले. तिसऱ्यात पिंप आलं आणि बिजलीवीर त्याच्यावरून असा अलगद गेला की नत्थूच्या तोंडून "अरे बाप्पा" निघालं. रस्ता संपला, रुपरावांनी कधी न पाहिलेला पूल आला, खाली निळं पाणी, वर घिरट्या घालणारे यंत्रपक्षी. रुपराव बायकोच्या शेजारी लाकडी खोक्यावर बसून भराभर लिहीत होते. सत्तावीस वर्षांत त्यांनी इतकं नवं काही पाहिलं नव्हतं, आणि ते दाखवणारी व्यक्ती रोज त्यांच्यासमोर ताक घुसळत होती. नत्थूने नाण्यांची वाटी आणून मशीनवर ठेवली. बिजलीवीर पडला की खाली आकडे उलटे मोजले जात आणि तेवढ्यात नाणं टाकलं की तो तिथेच उठून उभा राही. नत्थू स्वतः टाकत होता. "हिशेब मागून," तो म्हणाला, "आधी बाईले जाऊ द्या."

कारखान्यात पट्ट्यावरून चालताना पुष्पलताबाई बोलू लागल्या. डोळे पडद्यावर, आवाज अगदी सपाट, पूर्वी ट्रंक कॉल जोडताना असे तसा. "त्या दिवशी तुम्ही सात वाजता एक्सचेंजच्या दारात उभे होते," त्या म्हणाल्या. रुपरावांनी विचारलं, कोणत्या दिवशी. पण विचारतानाच त्यांना कळलं होतं. पोटातलं पहिलं मूल गेलं त्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. ती कामावर परत गेली होती आणि आदल्या दिवशी जिन्यात तिला घेरी आली होती, कठडा धरून बसली म्हणून वाचली. त्यांनी ठरवलं की तिला रोज दारातून घरी आणायचं. नाटक सातला संपणार नव्हतं. म्हणून उठले. "तुम्ही सांगितलं, नाटक लवकर संपलं," त्या म्हणाल्या. "मले खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तुमच्या पेपरचेच फोन. सगळे मीच जोडले. जो तो बापूजीले विचारे, हा तुमचा माणूस झोपला होता का पिऊन होता." बिजलीवीरने एका यंत्राची कळ फिरवली, ठिणग्या उडाल्या. "सांगितलं काहून नाही मंग?" रुपराव म्हणाले. "ऐकलेलं बाहेर बोलाचं नाही, असा नियम होता आमचा. आणि तुम्ही माह्याजवळ बोलले नाही, ते मले लागू नये म्हणूनच न? मंग मी बोलून तुमचं ते काहून वाया घालवू?"

रुपरावांना वहीवरची अक्षरं दिसेनात. चोवीस वर्षं एका छपराखाली दोघांनी एकच गोष्ट दोन्ही टोकांनी झाकून ठेवली होती, एकमेकांना जड होऊ नये म्हणून. वाट्याला आलेलं लग्न कसं आहे याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. ते असं होतं तर त्यांनी फार कमी आभार मानले होते, जवळजवळ काहीच नाही. गुहा आली. बर्फावर बिजलीवीरचा पाय घसरत होता आणि बाई ओठ दाबून त्याला सावरत होत्या. "अजून एक आहे," त्या म्हणाल्या. "दुपारी त्या नाटक मंडळीचा मालक बोलला, अमरावतीहून ट्रंक. माणूस काढा नाही तर जाहिराती बंद. बापूजी म्हणाले, 'तो बायकोले घ्याले गेला होता. मी स्वतः पाह्यलं, एक्सचेंजच्या दारात उभा होता, तिले वारा घालाले पेपर घेऊन. जाहिरात बंद करा, माणूस मी नाही काढत.' आणि फोन ठेवून दिला. त्यांनी ठेवल्यावरही मी प्लग काढला नाही बराच वेळ."

म्हणजे बापूजींना माहीत होतं. चष्मा पुसत होते तेव्हाही माहीत होतं. रुपराव खोक्यावर बसल्या जागी त्या गेलेल्या माणसाला शोधू लागले, त्याची पानाने रंगलेली दातांची ओळ, शाईचे डाग पडलेली बाही, अंत्ययात्रेत आपण सगळ्यात मागे चाललो होतो ते. तेव्हा हे माहीत असतं तर खांदा दिला असता. आता कुणाला सांगायचं की मी तुमच्यामुळे सत्तावीस वर्षं पाहू शकलो. त्यांना रडू येत होतं आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की ते लपवायची लाज वाटली नाही. नत्थूने गमछा पुढे केला. पुष्पलताबाई मनोऱ्याच्या पायऱ्या चढत होत्या.

मनोऱ्यावर काय काय होतं ते रुपरावांनी पाहिलं, वरच्या मजल्यापर्यंतचं सगळं पाहिलं. हिरवे किरण, उघडझाप करणारी दारं, आणि अखेर तो शास्त्रज्ञ, टकल्या, लोखंडी हातांचा, सिंहासनावरून उतरणारा. इथे नत्थू उभा राहिला, खालच्या कापडदुकानातले दोन गुमास्तेही जिना चढून आले. रुपरावांनी पेन उघडलं. शेवट आता येणार होता, नागपुरात कुणी न पाहिलेला, आणि त्यांच्या नेमाला तो हवा होता, सदराला हवा होता. बाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी त्या खेळत होत्या, मान किंचित डावीकडे कललेली, कान पुढे, कपाळावर घामाची बारीक दाटी, कानामागे अडकवलेली पांढरी बट सुटून गालावर आलेली. हीच मान, याच कोनात, बोर्डापुढे ती पंचवीस वर्षं धरून बसली असणार. गावातल्या किती लोकांची आजारपणं, भांडणं, लग्नं, मरणं या कानातून गेली आणि घरी येऊन तिने एका शब्दाने कुणाचं काही सांगितलं नाही. रुपरावांनी हे कधी पाहिलं नव्हतं. एक्सचेंजच्या दारातून आत जायची त्यांना परवानगी नव्हती. त्यांना ते पुरतं पाहून घ्यायचं होतं. मग एकदम गुमास्त्यांनी टाळ्या पिटल्या, नत्थू काहीतरी हिंदीत ओरडला, पेटीतून एक वेगळंच, लांबलचक संगीत वाजलं, आणि ते थांबल्यावर पडद्यावर पुन्हा तो पहिला रस्ता होता, दर दहा पावलांनी दिव्याचा खांब असलेला.

बाईंनी हात सोडले, बोटं मोडली. आवाज बदलल्यावर त्यांनी डोळे उघडले होते, शेवट चांगला निवांत पाहिला होता. "पाह्यला न?" त्यांनी विचारलं.

"नाही," रुपराव म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मी तुह्याकडे पाहून राहिलो होतो."

नत्थू मशीनची काच पुसू लागला, जी स्वच्छच होती. गुमास्ते जिना उतरून गेले. "मंग आता पुन्हा खेळा लागन का मले?" पुष्पलताबाई म्हणाल्या, रागावल्यासारखं म्हणायचं होतं, ते जमलं नाही. "नको," रुपराव म्हणाले. "तू सांग. मी लिहितो."

शनिवारी दुपारी अनंतने मजकूर उभ्याउभ्याच वाचला, मग बसला आणि पुन्हा वाचला. दिग्दर्शनाच्या भागाशी तो दोनदा हसला. "काका, पक्कं," तो म्हणाला. "दर आठवड्याले. फक्त हे शेवटचं काढू? लोक हसतील तुम्हाले." रुपरावांनी खुर्ची ओढून घेतली. मांडीवर पडलेले आपले हात त्यांना फार हलके वाटत होते. "ते काढाचं असन तर सगळंच परत दे," ते म्हणाले. "मागे हसले ते न पाहिलेलं पाहिलं असं लिहिलं म्हणून. हे खरं आहे, याच्यावर हसू दे." अनंतने कागदाच्या कोपऱ्यावर सही केली. रविवारी परीक्षण आलं तेव्हा त्याचा शेवटचा परिच्छेद असा होता: खेळाचा शेवट प्रस्तुत परीक्षकाने पाहिला नाही. त्या वेळी त्याचं लक्ष खेळणाऱ्या बाईंकडे होतं, आणि त्या त्याच्या पत्नी आहेत. शेवट त्यांनी पाहिला आहे. त्या म्हणतात, चांगला आहे.